मागचं मॉडेल

बापूकाकांनी २००५ साली गाडी घ्यायचं ठरवलं. ते अजून ठरलेलंच आहे.

तेव्हा बापूकाका पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. सांगलीत विश्रामबागेत नवं घर झालं होतं आणि त्या घरात माणसं आठ होती. आजी, आत्या, बापूकाका, काकू, दोन मुलं, एक मुलगी आणि शिकायला येऊन राहिलेला पुतण्या, म्हणजे मी. तुळजापूरला जायचं झालं तर निम्मे एस.टी.नं आणि निम्मे कुणाच्या तरी जीपनं, अशी वरात निघायची. त्याच वर्षी फेब्रुवारीत इनोव्हा आली. आठ माणसं बसतात, एसी मागपर्यंत पोचतो आणि शिवाय गाडी ‘आपल्या’ माणसांची. टोयोटा जपानची खरी, पण १९९७ साली तिनं भागीदारी केली किर्लोस्करांशी, आणि किर्लोस्करवाडी आमच्याच जिल्ह्यात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर कारखाना उभारला ती जागा सांगलीपासून तासाभराच्या वाटेवर आहे. गाडी बंगळुरूजवळच्या बिडदीत तयार होते ही बाब बापूकाका किरकोळ समजतात.

तर गाडी ठरली, रंग ठरला, नंबर कोणता घ्यायचा यावर काकूंशी एक भांडणही झालं. आणि त्याच आठवड्यात बापूकाकांना क्वालिस चांगली वाटायला लागली.

हीच क्वालिस २००० साली बाजारात आली तेव्हा बापूकाका तिला ‘बेकरीची पेटी’ म्हणायचे. पाच वर्षं त्यांनी तिचं एक चांगलं लक्षण सांगितलं नव्हतं. इनोव्हा यायची म्हणून कंपनीनं ती बंद केली, आणि शोकसभेत माणूस थोर होतो तशी ती थोर झाली. “तसली गाडी आता होणे नाही,” बापूकाका म्हणाले आणि त्यांनी वही काढली.

या वहीबद्दल सांगितलं पाहिजे. पाटबंधारे खात्यात एम.बी. नावाची एक चीज असते. मोजमापाचं पुस्तक. कालव्याचं खोदकाम असो की दगडी पिचिंग, जे एम.बी.त चढलं ते झालं. जे चढलं नाही ते डोळ्यांना दिसत असलं तरी झालं नाही. बापूकाकांनी घरासाठी तसलंच जाडजूड पुस्तक केलं. पानाच्या मधोमध रेघ. डाव्या बाजूला मथळा ‘नवी’, उजव्या बाजूला ‘मागची’. ‘जुनी’ हा शब्द त्यांना चालत नाही. जुनं भंगार असतं. मागचं ते मागचं.

पहिल्या पानावरची नोंद मी पाहिलेली आहे. ‘मागची: क्वालिस. २४४६ सीसी. ७५ अश्वशक्ती. टर्बो नाही. मागे पाटे. बिघडण्याजोगे काही नाही.’ समोर, ‘नवी: इनोव्हा. २४९४ सीसी. १०२ अश्वशक्ती. टर्बो आहे. बिघडू शकतो.’ खाली सही, तारीख आणि शेरा: ‘थांबावे.’

आता मागची चांगली, तर वापरलेली क्वालिस घ्यावी की नाही? काकूंनी हेच विचारलं. बापूकाकांनी चार क्वालिस बघितल्या. चारही नाकारल्या. कारण विचारलं तर म्हणाले, “गाडी उत्तम आहे गं. पण वापरलेली आहे.”

इथं बापूकाकांचा सगळा सिद्धांत येतो. नवी गाडी घेऊ नये, कारण ती नवी आहे, तिचे रोग अजून कळलेले नाहीत. मागची गाडी उत्तम, पण ती कुणीतरी वापरलेली आहे. घेण्यासारखी गाडी एकच, कोरी करकरीत मागची. आणि ती मिळत नाही.

यावर काकूंचा शेरा वहीत नाही, पण सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे. “मला बघायला आले तेव्हा वही नव्हती, म्हणून लग्न झालं.”

पुढची दहा वर्षं बापूकाकांनी इनोव्हातून फिरण्यात काढली. भाड्याच्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका ड्रायव्हरची टुरिस्ट इनोव्हा उभी असते. पांढरी, पिवळ्या पाटीची, आरशाला लिंबू-मिरची. अक्कलकोट, जोतिबा, पुण्याला मुलीचं सासर, सगळं त्याच गाडीतून. बापूकाका पुढं बसतात, मांडीवर वही, आणि ड्रायव्हरला त्याच्याच गाडीची माहिती देतात. “इंडोनेशियात हिला किजांग म्हणतात, ठाऊक आहे काय? सत्याहत्तर सालापासून गाड्या निघतायत तिकडं त्या नावाच्या. किजांग म्हणजे भेकर. आपल्या चांदोलीच्या जंगलात असतं बघ, ते.” ड्रायव्हर “होय साहेब” म्हणतो आणि भेकरासारखाच आडवा येणारा मोटारसायकलवाला चुकवतो. त्यानं एवढ्या वर्षांत साडेचार लाख किलोमीटर मारलेत. तेल वेळच्या वेळी, टायमिंग बेल्ट वेळच्या वेळी, क्लच प्लेट दोनदा. गाडीबद्दल त्याचं मत विचारलं तर तो म्हणतो, “पोट भरतंय.” वहीभर नोंदीत एवढं ठोस मत मला सापडलं नाही.

२०१६ च्या मे महिन्यात नवी इनोव्हा, क्रिस्टा, आली. बापूकाका तोवर निवृत्त झाले होते, फंडाचे पैसे हातात होते, आणि गेली दोन वर्षं ते इनोव्हाला ‘कालबाह्य’ म्हणत होते. म्हणजे आता नवी घेणार, असा आमचा समज झाला. आम्ही तिघं शोरूमला गेलो. बापूकाका, काकू आणि मी.

शोरूममधलं पोरगं टाय लावून पुढं आलं. बापूकाकांनी खिशातून स्टीलचा टेप काढला. पोरगं दोन पावलं मागं सरकलं. मग तासभर मोजणी चालली. मधल्या रांगेच्या पाठीपासून मागच्या रांगेच्या गादीपर्यंत किती, गादीपासून छतापर्यंत किती, दार उघडल्यावर पाय टाकायला वाव किती. काकूंना तिसऱ्या रांगेत बसवण्यात आलं. पाच मिनिटांनी बापूकाकांनी विचारलं, “कंबर धरली काय?” काकू म्हणाल्या, “अहो, गाडी अजून हललेली नाही.”

त्या गाडीत मधल्या रांगेला दोन स्वतंत्र खुर्च्या होत्या, मधून वाट. बापूकाका त्या मोकळ्या जागेकडं बघत म्हणाले, “इथं आत्या बसायची.” आत्याला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, आजीला पाच. मुलीचं लग्न झालं होतं, थोरला अमेरिकेला गेला होता. पोरगं घाईनं म्हणालं, “सर, सलग सीटमध्ये आठ जणांचीही येते.” बापूकाकांना ते रुचलं नाही. तक्रार मिटली की त्यांना चैन पडत नाही.

परतीच्या वाटेवर रिक्षातच निकाल लागला. क्रिस्टाचं इंजिन २४ शे सीसीच्या आसपास आणि ताकद १५० अश्वशक्ती. “एवढीच चूल आणि एवढा भात? कुठंतरी करपणारच.” शिवाय हिला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. मी म्हटलं, “काका, हे तर चांगलंच की. बेल्ट बदलायची कटकट नाही.” बापूकाकांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. “बेल्ट असला की माणूस लक्ष ठेवतो. चेन असली की निर्धास्त होतो. निर्धास्त माणसाचीच गाडी बंद पडते.” किंमत चौदा लाखांच्या घरातून सुरू होत होती, ती त्यांनी शेवटी, पुटपुटल्यासारखी सांगितली. आणि म्हणाले, “खरी इनोव्हा ती. मागची.”

मग वापरलेल्या ‘खऱ्या’ इनोव्हा बघायचा मोसम सुरू झाला. हा बापूकाकांचा सुवर्णकाळ. शोरूममध्ये ते नुसते ग्राहक असतात. जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावर ते खात्याचे अभियंते होतात आणि गाडी म्हणजे ठेकेदाराचं काम.

मिरज रस्त्याला असाच एक अड्डा होता. एजंट म्हणाला, “साहेब, डॉक्टरांची गाडी आहे. सिंगल हँड. दवाखाना ते घर, घर ते दवाखाना.” जगात विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरची असते. पण मिरजेत डॉक्टरच एवढे आहेत की हे खोटं आहे असंही ठामपणे म्हणता येत नाही. मीटर अडुसष्ट हजार दाखवत होतं. गाडी २०१२ ची, पांढरीशुभ्र, आत अत्तराचा भपका.

बापूकाका बोनेटकडं गेलेच नाहीत. ड्रायव्हरचं दार उघडून खाली उकिडवे बसले आणि क्लचच्या पेडलवर बोट फिरवलं. रबरावरच्या रेघा पार गेल्या होत्या. कडेला तर लोखंड चमकत होतं. “डॉक्टरांचा पाय जड दिसतो,” ते म्हणाले. मग सीटबेल्ट पार मुळापर्यंत ओढला. तिथं शिवलेल्या चिठ्ठीवर बनवल्याची तारीख असते. ड्रायव्हरचा पट्टा गाडीच्या वयापेक्षा दोन वर्षांनी धाकटा निघाला. मग प्रत्येक काचेच्या कोपऱ्यातला बारीक ठसा चष्मा कपाळावर चढवून वाचला. बाकी सगळ्या काचा एका सालच्या, डाव्या दाराची एकटी वेगळ्या सालची. मग दाराचं रबर उकललं आणि पत्र्यावरच्या वेल्डिंगच्या टिकल्यांवरून आंधळ्यानं अक्षरं वाचावीत तसं बोट फिरवलं. उजवीकडं टिकल्या सारख्या अंतरावर, डावीकडं मुलानं ठिपक्यांची रांगोळी काढल्यासारख्या. खिशातून लोहचुंबक निघालं. बाकी पत्र्याला ते चटकन चिकटलं. डाव्या दाराच्या खालच्या अंगाला घसरून पडलं. आत पुट्टी.

“आता चालू कर,” ते म्हणाले. इंजिन चालू झालं. बापूकाकांनी तेल घालायचं झाकण काढलं आणि उलटं करून त्या तोंडावर नुसतं ठेवलं. निरोगी इंजिनावर झाकण जागच्या जागी थरथरतं. हे झाकण कढईतल्या लाहीसारखं उडायला लागलं आणि मागोमाग धुराची फुंकर आली. एजंटनं आकाशाकडं बघितलं.

शेवटी बापूकाकांनी मान वर करून छताच्या कडेची चार भोकं दाखवली. कॅरियरची. नंबरपाटीच्या मागं नखानं खरवडलं. पांढऱ्याखाली पिवळा निघाला. “टी परमिटची खासगी केलीय,” ते शांतपणे म्हणाले. “ही गाडी एकटी सोडली तरी शिर्डीला जाऊन दर्शन करून येईल.”

एजंट गयावया करत पन्नास हजार उतरला. ज्या माणसाला गाडी घ्यायचीच नाही त्याच्यासमोर भाव उतरवण्याइतकं केविलवाणं दुसरं काही नसतं. बापूकाकांनी त्याला चहा पाजला, आरसीवर बोजा चढलेला असेल तर तो उतरवून घ्यायला कोणता फॉर्म लागतो ते समजावलं आणि घरी येऊन दोन पानं लिहिली. त्या रात्री ते फार छान जेवले.

अशा सहा वर्षांत त्यांनी किती गाड्या पाहिल्या याचा हिशेब वहीत आहे. मी मोजायचं धाडस केलेलं नाही. पण एक सांगतो. शेजारचे वकील, माझे सासरे, कॉलनीतले तीन जण, या सगळ्यांनी बापूकाकांना घेऊन जाऊन वापरलेल्या इनोव्हा घेतल्या आणि एकही फसला नाही. अमेरिकेतल्या थोरल्यालाही त्यांनी फोनवरून सल्ला दिला. तिकडं टोयोटाची सिएना असते, बाजूला सरकत्या दारांची. २०२१ च्या मॉडेलपासून ती फक्त हायब्रिड झाली. “मागची घे,” बापूकाका म्हणाले. थोरल्यानं सहा सिलिंडरची मागची घेतली आणि सुखात आहे. पेट्रोलचं बिल बघितलं की मात्र बापाची आठवण काढतो.

आणि मग २०२२ साल उजाडलं. बापूकाकांच्या सिद्धांतावर असा प्रसंग त्याआधी आला नव्हता.

ऑगस्टच्या सुमारास बातमी आली की डिझेल क्रिस्टाचं बुकिंग थांबलं. नोव्हेंबरात पुढची इनोव्हा, हायक्रॉस, दाखवली गेली. हे तर सगळंच उलटंपालटं. डिझेल नाही, पेट्रोल आणि बॅटरी. खाली शिडीसारखी वेगळी चासी नाही, सगळा सांगाडा एकसंध. आणि जोर मागच्या चाकांना नाही, पुढच्या. बापूकाकांना पंधरा दिवस झोप नव्हती, इतका आनंद झाला. मागची म्हणून क्रिस्टा आता त्यांची झाली होती. सहा वर्षं जिला नावं ठेवली तिच्यासाठी त्यांचा गळा दाटून यायला लागला.

“गाडी घाटात मागून ढकलली पाहिजे. पुढून ओढून चालत नाही.”

“काका, बैलगाडी पुढूनच ओढतात.”

“म्हणून तर ती मागं पडली.”

हायब्रिड हायक्रॉसला प्रमाणित आकडा लिटरला २३.२४ किलोमीटरचा आहे. जुन्या डिझेल इनोव्हाला ड्रायव्हर बारा मिळाले की खूश असतो. हा आकडा बापूकाकांनी वहीत लिहिला, पण पेन्सिलीनं. गाडीत शेजारी बसून एक फेरी मारून बघितली. सिग्नलला इंजिन आपोआप गप्प झालं, सुटताना आवाज न करता गाडी सरकली. “चालू झाल्याचं कळत नाही,” ते म्हणाले, “म्हणजे बंद पडल्याचंही कळणार नाही.” वरच्या मॉडेलला छतभर काच आहे. त्यावर तर ते जवळजवळ भडकले. “सगळा जन्म मी गळती थांबवण्यात घालवला. आणि हे छताला भोक पाडायचे जादा पैसे घेतात!”

वहीत क्रिस्टाचं गुणगान सोळा पानं झालं. तिचं वजन, तिचं डिझेल, तिची ती मागून ढकलणारी चाकं. काकूंनी तर मान्यच करून टाकलं होतं की आता वापरलेल्या क्रिस्टा बघायच्या आणि नाकारायच्या.

तेवढ्यात जानेवारी २०२३ मध्ये कंपनीनं क्रिस्टा परत आणली. डिझेल, कोरी करकरीत. पन्नास हजार भरा आणि नाव नोंदवा.

मी ती बातमी घेऊन बापूकाकांकडं पळत गेलो. जी गाडी जगात मिळत नाही असं ते अठरा वर्षं सांगत होते, ती नेमकी मिळत होती. कोरी मागची! बापूकाकांनी बातमी दोनदा वाचली. तेराव्याचं जेवण वाढून झालं असताना ज्याचं तेरावं तोच दारात येऊन उभा राहावा, तसा त्यांचा चेहरा झाला. काकू आतून बँकेच्या पासबुकासकट बाहेर आल्या. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा.

“ऑटोमॅटिक आहे काय बघ हिच्यात,” बापूकाका अखेर म्हणाले.

नव्हती. परत आली ती फक्त हातानं गिअर टाकायची.

बापूकाकांनी सुटकेचा असा श्वास सोडला की वहीची पानं हलली. “मग ही ती नव्हे. आधीच्या क्रिस्टाला ऑटोमॅटिक येत होती. गुडघ्याला आता क्लच झेपत नाही.” बापूकाकांनी गेल्या वीस वर्षांत चारचाकी चालवलेली नाही, हे सांगण्यात काही अर्थ नव्हता. काकूंनी पासबुक कपाटात ठेवलं आणि पोहे टाकले.

मी मात्र त्या साली वापरलेली क्रिस्टा घेतली. २०१९ ची, ऑटोमॅटिक. बापूकाकांनी दीड तास तपासली. पेडलचं रबर शाबूत, काचा सगळ्या एका सालच्या, लोहचुंबक कुठं घसरलं नाही, झाकण जागच्या जागी थरथरलं. मालक खरोखरीच डॉक्टर निघाले. बापूकाकांनी वहीत लिहिलं, ‘तपासली. निर्दोष. घ्यावी.’ आणि खाली सही केली. त्या वहीत ‘घ्यावी’ हा शब्द दुसऱ्यांच्या गाड्यांपुढंच येतो.

पहिल्यांदा तिघं तुळजापूरला गेलो. मी, बापूकाका, काकू. मागची रांग दोन्ही बाजूंना उचलून टांगलेली, तिथं प्रसादाच्या पिशव्या. जाताना बापूकाका पुढं बसले. येताना मागं काकूंशेजारी बसले, सोलापूर सोडल्यावर झोपले. घरी उतरल्यावर गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “बरी आहे. पण ड्रायव्हरच्या इनोव्हाची सर नाही.”

तेव्हा तुम्ही वापरलेली सात-आठ माणसांची गाडी बघायला जाणार असाल, तर एकटे जाऊ नका. बापूकाकांना घेऊन जा. फी म्हणून एक चहा पुरतो आणि तोही बहुतेक वेळा तेच पाजतात. ते नसतील तर निदान पेडलचं रबर, पट्ट्यावरची तारीख आणि काचेवरचं साल एवढं तरी बघाच. मात्र सध्या दारात जी गाडी आहे ती विकायची घाई करू नका. जाता जाता ती बापूकाकांना दाखवा. बहुतेक तीच बरी निघते.